बदलती आकाशरेषा आणि शब्बाथची वाट

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हांला विषय दिला तो असा : गेल्या काही दशकांत शहरांची आकाशरेषा कशी बदलत गेली. आकाशरेषा हा शब्द आपल्या बोलण्यातला नव्हे. इंग्रजीत ज्याला स्कायलाइन म्हणतात, ती. दुरून, समुद्रावरून किंवा टेकडीवरून शहराकडे पाहिले की घरांच्या माथ्यांची जी कडा आभाळावर उमटते, तिला हे नाव. सिनेगॉगच्या समारंभात हा इंजिनियर लोकांचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आज आपल्यापैकी किती घरांत 'पिनुई-बिनुई'चा कागद येऊन पडला आहे, हे आपण जाणता. जुनी चार मजली इमारत पाडायची आणि त्या जागी उंच टॉवर बांधायचा, त्याला आपली संमती मागणारा हा कागद. मुले म्हणतात सही करा, आपला हात अडखळतो. तेव्हा आकाशरेषा हा विषय आता आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला आहे.

प्रथम मुंबईकडे पाहू, कारण हा बदल आपण सर्वांत जवळून ओळखतो तो तिथला.

आमच्या पिढीतील पुष्कळांनी मुंबई पहिल्याने पाहिली ती पाण्यावरून. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण या बाजूची माणसे रेवसला येत, लाँचमध्ये बसत आणि भाऊच्या धक्क्याला उतरत. उजव्या हाताला घारापुरी मागे पडली की शहर दिसू लागे. गोदीतल्या क्रेना, त्यांच्यामागे वखारींची कौले, डाव्या अंगाला फोर्टातला राजाबाई टॉवर, आणि उत्तरेकडे भायखळ्यापासून परळपर्यंत गिरण्यांची धुराडी. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, उंची सुमारे ८५ मीटर. त्या काळी ही मुंबईतली सर्वांत उंच वास्तू होती. धुराडी त्याच्याहून ठेंगणी, पण ती शेकड्यात मोजावी इतकी वाटत. मुंबईची आकाशरेषा म्हणजे ही धुराडी. धूर दिसला की पोटापाण्याचे काम चालू आहे असे समजावे, आणि भोंगा वाजला की घड्याळ लावावे. आपल्यात सुतार, गवंडी, फिटर, रेल्वेत व सरकारी कचेरीत कारकून पुष्कळ होते. शहर उभे करणाऱ्यांत आपली माणसे होती, मालकांत मात्र क्वचितच. तेव्हा ही रेषा आपल्या हाताने काढली गेली असेल, आपल्या मनाने नाही.

उंच घरे तेव्हाही होऊ लागली होती. कारमायकल रोडवरची उषाकिरण ही पंचवीस मजली इमारत १९६१ ची. पुढे नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून एक्स्प्रेस टॉवर्स, ओबेरॉय, एअर इंडियाची इमारत ही १९७० नंतरच्या चार-पाच वर्षांत उभी राहिली. पण ती साहेबी मुंबई. मांडवी, उमरखाडी, नागपाडा, भायखळा, जेकब सर्कल इथली आपली मुंबई तीन-चार मजल्यांचीच होती. १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा होता. त्यामुळे भाडेकरू निर्धास्त आणि मालक बेफिकीर. मालकाने चाळ दुरुस्त करावी एवढे भाडेच येत नसे. त्याचे फळ पुढे मिळाले.

मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे कधी घेतला गेलाच नाही असे म्हणतात, परंतु गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. धुराडी थंड झाली. खाली राहिली जमीन, आणि तीही शहराच्या अगदी मध्यावर. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक हिस्सा मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली नियमात असा बदल झाला की ही वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती होत्या ती हिशेबातून बाहेर गेली. लोक कोर्टात गेले. उच्च न्यायालयात जिंकले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. परळची आजची आकाशरेषा त्या एका वाक्याच्या बदलातून उगवली आहे, असे आम्हांला वाटते. आकाशात काय दिसावे हे कागदावर आधी ठरते. डोळ्यांना ते दिसेपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातात, आणि तोपर्यंत कागद बदलायची वेळ निघून गेलेली असते.

श्रीनिवास मिलच्या जागेवर आज वर्ल्ड वन नावाचा सुमारे २८० मीटरचा टॉवर आहे. श्रीराम मिलच्या जागेवरची पॅलेस रॉयल सुमारे ३२० मीटरची. फिनिक्स मिलच्या जागी मोठा मॉल आहे आणि तिथे एक धुराडे शोभेसाठी ठेवले आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे घडताना पाहिले नाही. आपण तोवर इकडे आलो होतो. वीस-पंचवीस वर्षांनी नातेवाइकांच्या लग्नाला तिकडे गेलो, तेव्हा टॅक्सी २००२ साली झालेल्या जे. जे. च्या उड्डाणपुलावरून धावली. खाली काय गेले, कोणती गल्ली गेली, कळेना. जुनी खूण शोधायला मान वर करावी तर टॉवर, खाली करावी तर पुलाचा कठडा.

आता आपल्या प्रार्थनास्थळांकडे वळू.

तल्मूदमध्ये, शब्बाथ या भागात, एक कडक विचार आहे. ज्या गावात घरांची छपरे सिनेगॉगहून उंच होतात त्या गावाचा शेवटी नाश होतो, अशा अर्थाचे ते वचन आहे. तिथेच रब्बी आशी यांच्याविषयी सांगितले आहे की माता मेहसिया हे गाव टिकले याचे श्रेय ते या नियमाच्या पालनाला देत. आपले जाणकार असेही सांगतात की ही गोष्ट राहत्या घरांच्या छपरांना लागू, नुसत्या मनोऱ्यांना नव्हे. म्हणजे मनोऱ्याबद्दल तक्रार नाही. माणूस स्वतःचा संसार परमेश्वराच्या घराहून वर नेऊन मांडतो, तक्रार त्याबद्दल आहे.

या मापाने पाहिले तर मुंबईत आपण कधीच उंच नव्हतो. बगदादी यहुदी श्रीमंत होते. डेव्हिड ससून यांनी भायखळ्याला १८६१ साली मागेन डेव्हिड बांधले, त्याला घड्याळाचा मनोरा आहे. पुण्याच्या ओहेल डेव्हिडचा मनोरा तर नव्वद फुटी, आणि लाल विटांमुळे सारे पुणे त्या सिनेगॉगला लाल देऊळ म्हणून ओळखते. बेने इस्राएलांची सिनेगॉगे मात्र गल्लीच्या ओळीत, शेजारच्या घराला खांदा लावून उभी. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली स्थापलेले शारे राहामीम, म्हणजे आपली जुनी मशीद, तिला पुढे १८६० मध्ये आजची जागा मिळाली. मांडवीतल्या वखारींच्या मध्ये ती दुरून कधी दिसलीच नाही. मशीद बंदर हे स्टेशनचे नाव आपल्या मशिदीवरूनच पडले असे आपल्यात सांगतात. म्हणजे नाव लागले सबंध स्टेशनाला आणि इमारत मात्र गल्लीत शिरल्याशिवाय दिसायची नाही. आग्रीपाड्याची मागेन हसिदीम आणि जेकब सर्कलची तिफेरेत इस्राएल, ह्यांचीही तीच गत.

तरीही ती भरलेली असत. का? कारण माणसे चालत येत. हीच आम्हांला आज सांगायची खरी गोष्ट आहे. शब्बाथला गाडीत बसायचे नाही, म्हणून ज्या सिनेगॉगपाशी चालत पोहोचता येते तेच आपले सिनेगॉग. उंची कितीही असो, त्याचा खरा आधार म्हणजे सभोवारची दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावरची घरे. त्या घरांत म्हातारा आजोबा असतो, त्याचे बोट धरलेला नातू असतो, आणि 'मिन्यानला एक कमी आहे' अशी हाक आली की बनियनवर सदरा चढवून धावणारा शेजारी असतो. दार फाळणीच्या सणाला पांढऱ्या कपड्यांतली अख्खी गल्ली चालत निघे. ही आपली आकाशरेषा होती. ती आभाळावर नव्हती, रस्त्यावर होती.

ती पुसली कशी? न्यायाने बोलायचे तर टॉवरांनी नव्हे. ती प्रथम आपणच पुसली. १९४८ नंतर आलिया सुरू झाली आणि पुढच्या तीन दशकांत गल्ल्या रिकाम्या होत गेल्या. जे मागे राहिले ते ठाण्याला, उपनगरांत गेले, कारण मुंबईत लग्न झालेल्या मुलाला दुसरी खोली परवडेना. ठाण्यात १८७९ चे शार हाशामायीम आहे, ते त्यामुळे आजही नांदते. मुंबईच्या मधल्या भागातली सिनेगॉगे मात्र माणसांवाचून राहिली. टॉवर त्यानंतर आले. पण त्यांनी एक केले. परत येण्याची वाट बंद केली. ज्या भावात आज तिथे घर मिळते त्या भावात कोणी कारकून किंवा नर्स सिनेगॉगच्या शेजारी राहायला येणार नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच वस्तीत, आपल्या जुन्या मशिदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. भेंडी बाजार. तिथल्या दाऊदी बोहरा समाजाने सुमारे साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती एकत्र करून पुनर्बांधणीची योजना आपल्याच ट्रस्टमार्फत हाती घेतली. तिथेही उंच टॉवर होत आहेत. परंतु सुमारे ३२०० कुटुंबे आणि साडेबाराशे दुकाने तिथेच परत यायची, आणि मध्यभागी त्यांचा रौदत ताहेरा तसाच राहायचा, हे आधी ठरवून मग नकाशा काढला. काम फार रेंगाळले. त्या अवधीत, ऑगस्ट २०१७ मध्ये, तिथली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. म्हणून जुने तेच चांगले असे कोणी म्हणू नये. जुन्या भिंती माणसे मारतात. पण त्या समाजाने प्रश्न बरोबर विचारला, एवढे आपण घ्यावे. आधी माणसे कुठे राहणार, मग किती मजले.

आता एका अशा शहराची गोष्ट सांगतो जिथे मुळात माणसेच नव्हती.

आपल्यापैकी जे एलातला जाऊन आले आहेत त्यांनी तिथल्या किनाऱ्यावरून समोर जॉर्डन आणि दक्षिणेकडे सौदी अरेबियाचे डोंगर पाहिले असतील. तोच तांबडा समुद्र खाली धरून गेले तर जेद्दाच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, राबिगजवळ, 'किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी' नावाचे शहर आहे. आम्ही तिथे गेलेलो नाही. पण कोकणातल्या आपल्या मुसलमान शेजाऱ्यांची मुले जेद्दाच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या नोकरीला गेली, त्यामुळे ती किनारपट्टी आपल्या कानाला परकी नाही. २००५ च्या डिसेंबरात राजे अब्दुल्ला यांच्या नावे या शहराची घोषणा झाली. जागा सुमारे १७३ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे मुंबई शहर सुमारे ६८ चौरस किलोमीटर, म्हणजे तशा अडीच मुंबया त्यात मावतील. वस्ती वीस लाख होणार असे जाहीर झाले. दुबईत पुढे २०१० साली ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा उघडणारी जी एमार कंपनी, तिच्याच शाखेकडे हे काम आले आणि २००६ मध्ये लोकांना शेअरही विकले गेले.

तेव्हाची चित्रे ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल. निळ्या खाडीच्या कडेला काचेच्या टॉवरांचे जंगल. 'फायनान्शियल आयलंड' म्हणून एक बेट, त्यावर एक इमारत शंभर मजली, दुसरी साठ. शहर जन्माला येण्याआधीच त्याची आकाशरेषा तयार होती! आपल्याकडे बाळाच्या जन्माआधी टोपडे शिवत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात.

मग २००८ ची जागतिक मंदी आली. कंपनीला पैसा कमी पडू लागला. २०११ मध्ये सरकारने पाच अब्ज रियालचे कर्ज दिले. वीस लाख वस्तीची मुदत पुढे ढकलून २०३५ वर नेली. राजे अब्दुल्ला २०१५ च्या जानेवारीत वारले, आणि नव्या राज्यकर्त्यांची नजर दुसऱ्या योजनांकडे वळली. शंभर मजली इमारत आजतागायत उभी राहिलेली नाही, साठ मजलीही नाही. लोकवस्ती काही हजारांत मोजावी लागते.

याचा अर्थ तिथे काहीच झाले नाही असा नव्हे, आणि हसण्यासारखेही त्यात काही नाही. २०१३ पासून तिथले बंदर चालू आहे आणि त्यात मोठाली कंटेनर जहाजे लागतात. मक्का आणि मदिना यांना जोडणारी हरमैन रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली, ताशी तीनशे किलोमीटरने धावते, आणि तिच्या पाच स्टेशनांपैकी एक या शहरात आहे. २०२३ मध्ये ल्युसिड या विजेच्या मोटारींच्या कंपनीने तिथे कारखाना उघडला. आता नीट पाहा : बंदर, स्टेशन, कारखाना. हे सगळे ठेंगणे. दुरून पाहिले तर आभाळावर बंदराच्या क्रेना दिसाव्यात, जशा आपल्याला लाँचमधून दिसत. जिथे काम होते तिथे शहर थोडेफार रुजले. जे फक्त दिसण्यासाठी काढले होते ते कागदावरच राहिले. तीच कथा जेद्दा शहरातल्या टॉवरची. एक हजार मीटरहून उंच व्हायचा तो टॉवर, काम २०१३ ला सुरू, २०१८ ला बंद, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा सुरू.

त्या रेल्वेने पुढे मक्केला गेले की मुख्य मशिदीच्या अगदी समोर ६०१ मीटरचा घड्याळाचा टॉवर आहे. तो २०१२ मध्ये पुरा झाला. त्याच्या जागेवरचा अज्याद हा तुर्की अमदानीतला किल्ला २००२ साली पाडला, तेव्हा तुर्कस्तानात मोठा संताप झाला होता. त्यात बहुतेक हॉटेले आहेत. तल्मूदातल्या त्या नियमाची आठवण आम्हांला हे चित्र पाहून झाली. देवाच्या घराहून माणसाचा बिछाना उंच. इतर धर्मांच्या मंडळींनाही ही टोचणी आहेच. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांपैकी हाज करून आलेल्या वडीलधाऱ्यांना त्याबद्दल हळहळताना आम्ही ऐकले आहे.

आता घरी येऊ.

आपण या देशात आलो तेव्हा आपल्याला मिळाली ती 'शिकून'ची घरे. मराठीत हा शब्द ऐकून हसू यायचे. मुंबईची माणसे म्हणत, इकडे येऊन काय केलेस, तर शिकून राहिलो. लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बेरशेवा, सगळीकडे तीन-चार मजली ठोकळे, लिफ्ट नाही, खाली खांब, वर गच्चीवर 'दूद शेमेश'ची टाकी. १९८० च्या कायद्याने नव्या राहत्या घरांवर पाणी तापवण्याची ही सूर्याची टाकी सक्तीची केली, तेव्हापासून इस्राएलची आकाशरेषा म्हणजे पांढऱ्या टाक्यांची रांग. फार उंच इमारतींना मात्र त्यातून सूट होती, कारण एवढ्या लोकांच्या टाक्या एका गच्चीवर मावणार कशा? रामलेत तर चौदाव्या शतकातला पांढरा मनोरा कित्येक शतके सगळ्यांच्या डोक्यावर होता. तेल अवीवमध्ये १९६२ साली हर्झलिया जिम्नॅशियम ही नावाजलेली शाळा पाडली आणि तिच्या जागी १९६५ ला चौतीस मजली शालोम टॉवर आला. त्या शाळेबद्दल लोक अजून हळहळतात. पुढे १९९९ च्या सुमारास अझ्रिएलीचे टॉवर, मग रामत गानचा २३५ मीटरचा मोशे अवीव, २०१७ मध्ये सारोनाचा २३८ मीटरचा. ते सारे दूर होते, पाहायला जायचे. आता ते आपल्या जिन्यात आले आहे.

टॉवर वाईट असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणारी ऐंशी वर्षांची बाई म्हणजे कैदीच. भाजी वर कोण आणणार, हा तिचा रोजचा प्रश्न. शिवाय जुन्या शिकूनमध्ये 'ममाद' नाही. १९९१ च्या गल्फ युद्धानंतर नव्या घरांत ती सुरक्षित खोली सक्तीची झाली, आपल्या इमारती त्याआधीच्या. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे आली तेव्हा भोंगा वाजल्यावर जिना उतरून मिक्लातपर्यंत पोचताना आपल्या वयाच्या माणसांचे काय हाल झाले ते इथे कोणाला सांगायला नको. गिरणीच्या भोंग्याला सरावलेल्या कानांना तो भोंगा सोसवला नाही.

तेव्हा सही करावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पूर्वी अशा योजनेला शेकडा ऐंशी मालकांची संमती लागे, २०२१ पासून दोन-तृतीयांश पुरते. म्हणजे आपण एकटे अडून बसलो तरी ते फार दिवस चालणार नाही. २०१८ च्या दुरुस्तीने वयस्कर घरमालकांना नव्या टॉवरमधल्या घराऐवजी दुसरे पर्याय देण्याची तरतूद केली आहे, ती वकिलाकडून नीट समजून घ्यावी. मुलावर विश्वास ठेवा, पण वकील वेगळा ठेवा. टॉवरमध्ये देखभालीचा मासिक खर्चही वाढतो. पेन्शनीतून तो किती वर्षे झेपेल, आणि बांधणारा त्यातला काही भाग उचलणार का, हे लिहून मागावे.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारावा, आणि तो कोणी विचारताना आम्हांला अजून दिसला नाही. या नकाशात आपले सिनेगॉग कुठे आहे?

कंपनीचा माणूस रंगीत चित्र घेऊन येतो. त्यात झाडे असतात, सायकलवरची मुले असतात, बाकावर बसलेले एक म्हातारे जोडपेही असते. ते जोडपे म्हणजे बहुधा आपण! त्या चित्रात सिनेगॉग नसते. बांधकाम तीन-चार वर्षे चालते, कधी जास्त. तेवढा काळ माणसे भाड्याच्या घरांत, कोणी एका टोकाला, कोणी दुसऱ्या गावी. चार वर्षे मिन्यान मोडला तर पाचव्या वर्षी तो आपोआप जमेल असे ज्यांना वाटते त्यांनी मांडवीला एकदा जाऊन यावे. आपल्यात गावावरून आडनाव पडते, दिव्याचा तो दिवेकर, पेणचा पेणकर. गाव सोडून दोनशे वर्षे झाली तरी नाव राहिले. पण नावाने मिन्यान होत नाही, त्याला दहा माणसे लागतात आणि ती चालत यावी लागतात. 'टॉवरकर' आडनावाचा मनुष्य तर आम्ही अजून पाहिलेला नाही.

टॉवरमध्ये शब्बाथची लिफ्ट असते म्हणून काहीजण समाधान मानतात. २००१ च्या कायद्याने नव्या इमारतींत तशी सोय ठेवायला सांगितले आहे. ती बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर आपली आपण थांबत जाते. सर्व रब्बींचे तिच्याबद्दल एकमत नाही, तो वाद इथे नको. पण पंचविसाव्या मजल्यावरून प्रत्येक थांबा घेत उतरायचे आणि मग रुंद हमरस्ता ओलांडून वीस मिनिटे चालायचे, हे जमेल का? मुंबईत आपल्याला उंचीने हरवले नाही, अंतराने हरवले. इथेही तसेच होण्याचा संभव आहे.

उपाय आपल्या हातात थोडा आहे, पण आहे. योजना जाहीर झाल्यावर हरकती घेण्यास साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या भूखंडावर सिनेगॉगची जागा मागता येते, बांधकामाच्या काळात प्रार्थनेसाठी तात्पुरती खोली मागता येते, आणि सिनेगॉगच्या दारापर्यंत पायऱ्यांवाचून जाणारी, बाके असलेली पायवाटही मागता येते. एकेकट्याने मागितले तर फाईलला लागते. कमिटीच्या नावाने, सगळ्यांच्या सह्यांनिशी मागितले तर उत्तर द्यावे लागते. भेंडी बाजारच्या मंडळींकडे पैसा होता, आपल्याकडे नाही. पण नकाशा पक्का होण्याआधी तोंड उघडायला पैसा लागत नाही.

यासाठी कमिटीच्या परवानगीने आम्ही नगरपालिकेचा नकाशा आणून बाहेरच्या दाराशी, चपला-बुटांच्या फळीच्या वर, लावला आहे. समारंभ झाल्यावर, आज शब्बाथ नाही तेव्हा लिहायला हरकत नाही, प्रत्येकाने आपली इमारत शोधून तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी. ज्यांना पिनुई-बिनुईचा कागद आला असेल त्यांनी फुली करावी, ज्यांना आला नसेल त्यांनी गोल. आणि बाजूला लिहावे की शब्बाथला इथवर चालत यायला किती मिनिटे लागतात. खरी मिनिटे लिहा, पंचवीस वर्षांपूर्वीची नकोत. चष्मा विसरला असेल तर हझ्झानसाहेबांचा नातू तिथे उभा आहे, तो लिहून देईल.